खणाची शीट

काळी-पिवळीत पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चौघं बसतात. कंपनीनं ती जागा दोघांसाठी केली असावी, पण कंपनी काही आमच्या थांब्यावर येऊन मोजत नाही. ड्रायव्हर अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याच्या शेजारचा गिअरचा दांडा दोन पायांत घेऊन बसतो आणि दर गिअरला दचकतो. तिसऱ्याला काहीच काम नसतं, म्हणून तो झोपतो. चौथा डाव्या दाराला चिकटलेला असतो आणि त्याच्या गुडघ्यांसमोर गाडीचा खण येतो. ती खणाची शीट. २००० ते २०१२ अशी बारा वर्षं मी त्या शीटवर बसून उंद्रीहून खामगावला शाळेत शिकवायला गेलो. माझ्या नोकरीची नोंद सेवापुस्तकात आहे; खणाच्या नोकरीची कुठेच नाही, म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. ही उंद्री पुण्यातली नव्हे. त्या उंद्रीत फ्लॅटचा भाव विचारतात, आमच्या उंद्रीत सोयाबीनचा. बुलडाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावला निघालं की अमडापूर मागे टाकल्यावर लागते ती आमची. तिला उदयनगर असंही भारदस्त नाव आहे, पण ते पाटीवर, तोंडात उंद्रीच. उंदरावरून होणारे सगळे विनोद आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो आहोत, तेव्हा वाचकांनी तसदी घेऊ नये. पुढे या लेखात एक उंदीर येणार आहे, पण तो खराच आला होता, त्याला माझा इलाज नाही.

जीपचा मालक आणि ड्रायव्हर एकच. तो गावचा जावई, म्हणून लहानथोर सगळे त्याला दाजी म्हणतात. त्याच्या सासऱ्याच्या वयाची माणसंसुद्धा. दाजीच्या खणाची कडी मी बसायला लागलो त्याआधीच तुटली होती. ट्यूब कापून केलेली एक रबरी पट्टी झाकणावरून ताणून बाजूच्या खिळ्यात अडकवली की खण बंद. म्हणजे गाडी उभी असेपर्यंत बंद. चालू गाडीत तो रस्त्याच्या मर्जीवर होता. लहान खड्डा आला तर बिडीबंडल गुडघ्यावर पडायचं, मोठ्याला पक्कड, आणि गतिरोधकाला अख्खा संसार. डोळे मिटून बसलं तरी मांडीवर काय पडलं त्यावरून गाडी कुठवर आली ते मला कळायचं.

“मास्तर, तेवढा दहा-अकराचा पाना द्या बरं.” “मास्तर, खनात तार हाय पाहा, निळी नाई, लाल.” चालत्या गाडीत दाजीची नजर रस्त्यावर, हात स्टेअरिंगवर आणि खणाचा कारभार माझ्याकडे. ऑपरेशनच्या वेळी नर्स जशी न विचारता कात्री पुढे करते, तसा मी दोन-तीन वर्षांत तयार झालो.

या खणाला कंपनीच्या भाषेत ग्लोव्ह बॉक्स म्हणतात. म्हणजे हातमोज्यांचा डबा. पहिल्या गाड्यांना ना छप्पर होतं ना काचा, तेव्हा थंडीवाऱ्यात चालवणाऱ्याला हातमोजे लागत आणि ते ठेवायला जागा लागे. इंग्लंडात डोरोथी लेव्हिट नावाची एक धाडसी मोटारचालक बाई होऊन गेली. १९०९ साली तिनं बायकांसाठी मोटार चालवण्याचं पुस्तक लिहिलं. सीटखालच्या छोट्या खणात काय ठेवावं ते तिनं त्यात सविस्तर सांगितलं आहे. धुतलेले हातमोजे, जादा रुमाल, चेहऱ्यावर घ्यायची जाळी, पावडर, केसांच्या पिना, हातातला आरसा आणि थोडी चॉकलेटं. आरसा नुसता तोंड पाहायला नव्हता. मधूनमधून वर धरून मागून कोण येतंय तेही पाहावं, असं ती सांगते. एकटीनं लांब जायचं असेल तर छोटं पिस्तूलही जवळ असावं, असाही सल्ला आहे.

हे मी दाजीला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे आपल्यासारखंच की. आरसा हाय, फनी हाय. पिस्तूल नाई, पन टॉमी हाय शीटखाली. फक्त हातमोजे नाईत.” आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि स्टेअरिंग तव्यासारखं तापतं. तेव्हा दाजी ओला दुपट्टा हाताला गुंडाळून गाडी चालवतो. हातमोजे म्हणायचेच तर ते. हातमोज्यांच्या जागी खणात उन्हाळाभर एक कांदा असतो, ऊन लागू नये म्हणून. कांद्यानं ऊन लागत नाही हे डॉक्टरांना पटत नाही, पण दाजीला बारा वर्षांत एकदाही ऊन लागलं नाही आणि त्याचं श्रेय त्यानं पाण्याच्या कॅनला कधीच दिलं नाही.

पण हत्यारं आणि कांदा ही खणाची वरवरची ओळख. दाजीचा खण हे खरं म्हणजे उंद्रीचं पोस्ट ऑफिस होतं, आणि थोडी बँकही.

खामगाव चांदीचं गाव. तिथल्या चांदीचं नाव महाराष्ट्राबाहेरही आहे. उंद्रीतली तुटलेली जोडवी आणि खुळखुळा हरवलेली पैंजणं सकाळी दाजीच्या खणातून खामगावला जायची आणि संध्याकाळी उजळून परत यायची. पावती नाही, वजनाची चिठ्ठी नाही. बायका गाडीच्या खिडकीतून हात घालून सांगायच्या, “दाजी, आपल्या नेहमीच्या सोनाराकडे द्या.” जोडवी हरवू नयेत म्हणून दाजी ती तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवायचा. शेजारी तंबाखूची भरलेली डबी. डब्या सारख्याच. एकदा चढावर गाडी चालवता चालवता त्यानं न पाहता डबी उघडली, तळहातावर घेतलं, चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला लागला. बराच वेळ मळून झाल्यावर म्हणाला, “आज माल लय कडक हाय, मास्तर.” मी पाहिलं तर चुन्यात माखलेलं एक जोडवं. त्या बाईला ते सोनाराकडे न जाताच उजळून मिळालं आणि दाजीनं मजुरी घेतली नाही.

शेतकऱ्यांची वानगीही खणातूनच जायची. ओंजळभर सोयाबीन वर्तमानपत्राच्या पुडीत बांधायचं, वर नाव लिहायचं आणि दाजीच्या हवाली करायचं. दाजी ते बाजार समितीत अडत्याला दाखवायचा आणि परत येताना भाव आणायचा. भाव बहुतेक वेळा एकाच शब्दात यायचा. “थांबा म्हनते.” शेतकरी थांबायचा, पुडी खणात थांबायची. अशी एक पुडी उन्हाळाभर थांबली, आणि काचेच्या फटीतून खणात गळणाऱ्या जूनच्या पहिल्या पावसात तिला मोड आले. पेरणीलायक पाऊस झाला की नाही यावर त्या वर्षी गावात दोन मतं होती. खणातली उगवण पाहून एका म्हाताऱ्यानं तिथल्या तिथे तिफण बाहेर काढली.

लग्नसराईत खणाचं रूप बदलायचं. आपल्याकडे वऱ्हाडाच्या गाडीच्या ड्रायव्हरला टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायची रीत आहे. दाजी टोपी घालत नाही. तरी मे अखेरीला खणात टोप्यांची एकात एक घातलेली उतरंड असायची आणि नारळ माझ्या पायांत गडगडत असायचे. टोप्यांनी काच पुसली जायची. त्यांच्याच खाली शेगावच्या गजानन महाराजांच्या अंगाऱ्याची पुडी आणि सैलानी बाबांच्या दर्ग्यावरून आणलेला काळा दोरा ही दोन्ही शेजारी शेजारी होती. दाजीच्या सांगण्याप्रमाणे ब्रेक महाराज सांभाळतात आणि इंजिन बाबा. टायरांची जबाबदारी कुणी घेतलेली नव्हती, आणि पंक्चर टायरच व्हायचे.

खणात चांदीही दोन प्रकारची असे. एक जोडव्यांची, दुसरी सिगारेटच्या पाकिटातली. फ्यूज उडाला की दाजी ती चांदी फ्यूजला गुंडाळून परत बसवायचा आणि दिवे लागायचे. हे चूक आहे. फ्यूज जळावा म्हणूनच असतो. तो जळला नाही तर वायर जळते. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी हे दाजीला तीनदा समजावलं. चौथ्यांदा समजावत होतो तेव्हा वायर जळाली. मग खणातून काळी चिकटपट्टी निघाली. कपड्याच्या साबणाचा एक तुकडाही कायम असायचा. डिझेलची टाकी पाझरली की तो ओला करून भेगेवर घासायचा, तेवढ्यावर गाडी खामगाव गाठते. नवा पाहुणा कुणी हात धुवायला तो साबण मागायचा, तेव्हा दाजी न हसता द्यायचा. हातांचा डिझेलचा वास पुढे दोन दिवस जात नसे.

कॅसेटांबद्दल फार लिहीत नाही, त्या सगळ्यांच्याच खणात होत्या. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे आणि त्या काळात ज्याच्याशिवाय एकही जीप हलत नसे तो अल्ताफ राजा. उन्हानं कॅसेटा वाकायच्या आणि गाणारा झोपेत गातोय असं वाटायचं. पट्टी गुंतली की रिफिल घालून फिरवायचं काम अर्थातच खणाच्या शीटकडे. पार बिघडलेल्या कॅसेटा दाजी शेतकऱ्यांना देऊन टाकायचा. ज्वारीच्या शेतात दोन काठ्यांमध्ये ती पट्टी ताणून बांधली की वाऱ्यावर घूं घूं आवाज करते आणि पाखरं बसत नाहीत. कोणत्या गायकाच्या पट्टीला पाखरं जास्त भितात यावर आमच्या थांब्यावर मतभेद आहेत. नावं घेत नाही.

खणाच्या अगदी तळाशी चिल्लर होती. सुट्टे पैसे द्यायची वेळ आली की दाजी चाचपून एक गोळी हातावर ठेवायचा, त्यामुळे चिल्लर साठतच गेली. ३० जून २०११ पासून सरकारनं चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून काढून टाकली. त्याच्या आदल्या आठवड्यात दाजीनं दर उतारूला मोडीत चार-चार आण्यांची मूठ द्यायला घेतली आणि गावकऱ्यांनी तीच मूठ दुसऱ्या दिवशी भाड्यात परत केली. आठवडाभर उंद्री-खामगाव रस्त्यावर पैसा जेवढा खेळता होता, तेवढा पुन्हा कधी झाला नाही. शेवटी सगळी नाणी होती तिथेच, खणात आली. त्यांच्याबरोबर एक किल्लीही तळाशी होती. कशाची ते दाजीला माहीत नव्हतं. जीप त्यानं जुनी घेतली तेव्हापासून ती आत होती.

आता उंदीर.

दिवाळीच्या आधी सोयाबीनची सोंगणी झाली की शेतात सुड्या लागतात. त्या साली दाजीनं चार दिवस जीप सुडीच्या आडोशाला उभी केली होती. पाचव्या दिवशी सकाळी मी रबरी पट्टी काढली आणि आतून कागदाचा भुसा गुडघ्यावर सांडला. टोप्या कुरतडलेल्या, टॉवेलचं घरटं झालेलं आणि गाडीचं आर.सी. बुक पानापानांनी खाल्लेलं. तेव्हा स्मार्ट कार्ड आमच्या जीपपर्यंत पोचलं नव्हतं. बुक म्हणजे खरोखरीचं कागदी बुक. विम्याच्या कागदाचा फक्त ‘थर्ड पार्टी’ एवढा तुकडा शाबूत होता. पहिल्या दोन पार्ट्या त्यानं खाल्ल्या होत्या. तंबाखूला तोंडही लावलं नव्हतं.

दुसरं बुक काढायचं तर नमुना २६ भरावा लागतो. अर्ज भरणार मास्तर, म्हणून दाजीबरोबर मीही रजा टाकून गेलो. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. खिडकीमागच्या साहेबांनी अर्ज न वाचताच विचारलं,

“बुकाचं काय झालं?”

“खाल्लं,” दाजी म्हणाला.

“कुणी?”

“उंदरानं.”

“गाव?”

“उंद्री.”

साहेबांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. “चेष्टा करायला आलात का इथं?”

मी पुढे झालो. उंद्री हे गाव असून ते चिखली तालुक्यात आहे, तिथल्या नावाचा आणि या प्राण्याचा संबंध नाही, असं सविस्तर सांगायला लागलो. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. माझ्यामागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “माझा मेव्हणाही राहतो उंद्रीला. पुण्यात.” शेवटी दाजीनं पिशवीतून उरलेलं बुक काढून खिडकीत ठेवलं. साहेबांनी ते चिमटीत धरून उजेडात पाहिलं. चेसिस नंबरच्या रकान्याच्या अलीकडे खाणं थांबलं होतं. “नंबर तेवढा ठेवला,” साहेब म्हणाले, “समजूतदार दिसतो.” आणि त्यांनी पेन परत काढलं.

त्यानंतर खणात उंदीर येऊ नये म्हणून कुणीतरी तंबाखूची अख्खी पानं ठेवायला सांगितली. ती ठेवली. उंदीर आला नाही, पण पानं रोज एकेक कमी व्हायला लागली आणि मागच्या बाकावरचे चार म्हातारे पुढे बसायला धडपडू लागले. मग डांबरगोळ्या आणल्या. पुढे कितीतरी दिवस महाराजांच्या अंगाऱ्याला त्यांचा वास येत होता.

२०१२ साली मी जुनी मारुती ८०० घेतली, १९९९ च्या मॉडेलची, एम.एच. २८ चीच. खणाच्या शीटवरून उठून मी मालकाच्या शीटवर बसलो. पहिल्याच दिवशी घरात नियम झाला की या खणात फक्त कागदपत्रं आणि औषधपेटी राहील. नियम सौभाग्यवतींनी केला आणि मोडलाही त्यांनीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण म्हणून मिळालेल्या सात प्लॅस्टिकच्या डब्या “घरी नेईपर्यंत राहू द्या, अहो” म्हणून त्यात गेल्या. त्या आजही घरी जात आहेत. मग शेगावच्या कचोरीबरोबर येणारी तळलेली मिरची एका कागदात आली. मग माझा एक पाना. मग एक टोपी, कारण आता लोक मलाच लग्नाला गाडी घेऊन बोलावतात. औषधपेटीतल्या आयोडिनचा मी मुलाच्या नकाशाला डाग पाडून ब्रह्मपुत्रा दाखवायला उपयोग केला. गाडीत प्रथमोपचार पेटी असावी हा नियम चांगला आहे. ती उघडावी असं मात्र नियमात नसावं, कारण तिच्या पट्ट्यांचा चिकटपणा मी कधी तपासला नाही.

२०१८ साली केंद्र सरकारनं सांगितलं की डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं दाखवली तरी चालतील. म्हणजे खणाकडे असलेलं एकुलतं एक सरकारी काम गेलं. आता तरी खण रिकामा होईल म्हणून मी दाजीचा खण पाहायला गेलो. कागदांच्या जागी तीन चार्जर होते, त्यांतले दोन बंद. फोन कुठे आहे विचारलं. तो तळाशी होता.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांतून आलेले तिचे फोटो मी भिंग घेऊन पाहिले. मीटर, स्टेअरिंग, टपावरचं कॅरियर, सगळं होतं. खणाचा एकही फोटो मला दिसला नाही. एवढी वर्षं मुंबईत फिरलेल्या गाड्या आणि कुणाला तो उघडून पाहावासा वाटला नाही, याला मी पत्रकारितेची चूक समजतो.

आणि किल्ली. माझ्या मारुतीच्या खणातही एक निघाली. पितळी, लहान, हिरवा दोरा बांधलेली. ती डिकीला लागत नाही, पेट्रोलच्या टाकीला लागत नाही, आमच्या गोदरेजला लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटाला लावून पाहिली, शेजाऱ्यांच्या सायकलीला लावून पाहिली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून मारुती ८०० च्या पहिल्या मालकाला किल्ली मिळाली, तो प्रसंग देशभर गाजला. ती किल्ली निदान कशाची आहे ते दोघांनाही माहीत होतं. मी ती फेकून देणार होतो, पण दाजीनं हात धरला. “फेकू नका, मास्तर. कोनाचं तरी कुलूप बंद हाय ना.”

तेव्हा २०१२ साली खामगावात एका शिक्षकाला पांढरी मारुती ८०० विकणारे गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांना विनंती, की एकदा उंद्रीला येऊन जावं. पुण्यातल्या नव्हे. येताना कुलूप घेऊन या. थांब्यावर कुणालाही मास्तरांची गाडी विचारा. किल्ली खणातच आहे, डाव्या कोपऱ्यात, डब्यांच्या आणि टोपीच्या खाली.